विरीचा मनोरा

पोफळीचं पान सुकून गळतं तेव्हा त्याच्या बुडाशी चामड्यासारखं जाड, हातभर रुंद आवरण असतं. त्याला आम्ही विरी म्हणतो. नागावात ज्यांच्या घरामागे वाडी आहे त्यांच्या लहानपणातले निम्मे आवाज या विरीचे. दुपारी सगळं सामसूम असावं आणि मागे धप्पकन काहीतरी पडावं. आई निवडत असलेल्या वालांवरची नजर न काढता म्हणायची, "पडली गं एक." मग मी उठून ती उचलून आणायची. विरीत आम्ही भात खाल्ला, विरीवर एकमेकींना बसवून वाडीभर ओढलं, उरलेल्या विऱ्या न्हाणीघराच्या चुलीत घातल्या. आता आमच्या गल्लीत प्रत्येक दुसऱ्या घरावर राहण्याजेवण्याची पाटी आहे. माझ्याकडे उतरलेले पाहुणे समुद्रात केळ्याच्या आकाराच्या त्या फुगवलेल्या बोटीवरून पडून, नाकातोंडात पाणी जाऊन परत येतात, आणि मागे विरी पडली की दचकून विचारतात, "काकू, काय पडलं?" मी म्हणते, मखर पडलं. त्यांना कळत नाही, आणि जेवणाच्या वेळी एवढं सगळं सांगत बसणं मला जमत नाही. म्हणून इथे सांगते.

माझे वडील, नाना, अलिबागच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. सायकलने जायचे, सायकलने यायचे, आणि येताना वाटेतल्या एखाद्या घराच्या कमानीबद्दल किंवा कठड्याबद्दल काहीतरी डोक्यात घेऊन यायचे. शेजारची वाडी वासूकाकांची. वासूकाकांना चित्र काढायला सांगितलं तर ते हात जोडायचे, पण हातात कोयती दिली की लाकूड असो, विरी असो, त्यांच्या मनासारखी वाकायची. नानांनी आखायचं आणि वासूकाकांनी कापायचं, अशी दोन्ही घरच्या गणपतींची मखरं मला कळायला लागल्यापासून बनत होती. श्रावण लागला की काका विऱ्या भिजत घालायचे, मग दगडाखाली दाबून सपाट करायचे आणि चुलीवरच्या फळीवर धुरात पंधरा दिवस धरायचे. तोवर नाना आमच्या पडवीत कागद अंथरून बसलेले असायचे. दोन्ही घरचे पाट एकाच टेंपोतून पेणच्या मूर्तिकाराकडे जायचे, दोन्ही गणपती त्याच टेंपोतून यायचे, आणि समुद्रावरही बरोबरच जायचे. आरती आधी आमच्याकडे, मग त्यांच्याकडे. आमच्याकडच्या आरतीत झांजा वासूकाकांच्या, आणि त्या इतक्या जोरात की माझी आत्या कानात कापूस घालून बसायची.

हे सगळं मोडलं ते नानांच्या एका सवयीमुळे. चित्र पुरं झालं की उजव्या कोपऱ्यात खाली सही करायची, हे त्यांनी शेकडो मुलांना शिकवलेलं. एका वर्षी मखर फार सुरेख झालं, कमळाच्या पाकळ्यांचं, आणि नानांनी रंगाचा शेवटचा हात देऊन झाल्यावर कोपऱ्यात आपली सही ठोकली. त्यांच्या मनात काही नव्हतं, याची मी आजही खात्री देईन. पण दर्शनाला आलेला जो तो ती सही वाचून "वा मास्तर, काय मखर केलंत" म्हणायला लागला. वासूकाका तिथेच झांजा घेऊन उभे होते. त्यांनी आरती पुरी केली, झांजा खुंटीला लावल्या आणि घरी गेले. ते तीन वर्षं आले नाहीत. नाना माफी मागायला गेले असते, पण त्यांनी आधी "सहीत काय एवढं?" असं चारचौघांत म्हणून घेतलं होतं, आणि मास्तरांना आपलंच वाक्य खोडणं फार जड जातं.

बायकांनी मात्र या भांडणाची दखलही घेतली नाही. दोन वाड्यांच्या कुंपणात एक माणूस जाईल एवढी फट होती. तिच्यातून वासूकाकांच्या बायकोकडून, म्हणजे माईकाकूंकडून, हळदीच्या पानातल्या पातोळ्या यायच्या आणि आईकडून वालाचं बिरडं जायचं. रिकामं भांडं परत करायचं नाही या रीतीमुळे ही ये-जा थांबणं शक्यच नव्हतं. काका त्यांच्या ओटीवर बिरडं खाता खाता कोणी केलंय ते विचारायचे नाहीत आणि नाना पातोळ्यांच्या बाबतीत तेच करायचे. मला या दोघांचा इतका राग यायचा! माझं अर्धं बालपण माईकाकूंच्या स्वयंपाकघरात गेलेलं, आणि आता काकांसमोरून मी गेले की ते सुपारी कातरण्यात गढून जायचे. सोललेल्या सुपारीतही काहीतरी सापडायचं त्यांना, पण मान वर व्हायची नाही.

त्यातून मखरांची चढाओढ सुरू झाली. एका वर्षी आमचं पाच फूट, तर त्यांचं साडेपाच. पुढच्या वर्षी आमचं सहा, त्यांच्या मखरावर आयत्या वेळी कळस. गाव दोन्हीकडे जाऊन प्रसाद खायचं आणि दोन्हीकडे "तुमचंच उंच" म्हणायचं. तिसऱ्या वर्षी एका बंगलेवाल्याने शाळेला दिलेल्या पुस्तकांच्या खोक्यात नानांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. वाळवीने कडा खाल्लेलं, पण आत जगभरच्या इमारतींचे पानभर फोटो. त्यातल्या एका फोटोपाशी नाना अडकले ते अडकलेच. न्यूयॉर्कमधली एका मोटारींच्या कारखानदाराने बांधवलेली गगनचुंबी इमारत. तिचं नाव वाचकांना ठाऊक असेल, आमच्या घरात तिला 'मोटारवाल्याचा मनोरा' एवढंच म्हणत. मी तेव्हा अलिबागच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, घरात इंग्रजी बरं येणारी एकटीच. नाना पडवीत झोपाळ्यावर बसायचे, मी खाली बसून वाचायची आणि मराठीत सांगायची.

तो मनोरा खालून सरळ वर जात नाही, टप्प्याटप्प्याने मागे सरत जातो. मी वाचून सांगितलं की तिथला कायदाच तसा होता, उंच इमारतींनी रस्त्याचं ऊन अडवू नये म्हणून. नानांना हे इतकं आवडलं की त्यांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. मग कोपऱ्यांवर बाहेर झेपावणारे पोलादी गरुड, मोटारीच्या बॉनेटवरच्या टोपणांसारखे पंख, विटांत काढलेली चाकांची नक्षी. आणि सगळ्यात वर तो मुकुट, एकात एक बसवलेल्या कमानींचा, प्रत्येक कमानीत किरणांसारख्या तिकोनी खिडक्या, आणि सगळा न गंजणाऱ्या चकचकीत पोलादाने मढवलेला. नाना म्हणाले, "ही आर्ट डेकोच्या घराण्यातली. मुंबईत शिकायला होतो तेव्हा समुद्रासमोरच्या त्या गोल कोपऱ्यांच्या इमारती बघत हिंडायचो, त्या हिच्या धाकट्या बहिणी." त्यांनी मला नीट समजावलं की या पद्धतीत फुलंपानं कमी आणि रेघ फार, एकच रेघ पुन्हापुन्हा, पायऱ्यांसारखी, किरणांसारखी. "आणि कमानीत कमान म्हणजे आपली प्रभावळच की गं!" एवढं म्हणून ते उठले आणि त्यांनी पेन्सिल घेतली. त्या वर्षीचं मखर ठरलं.

पण खरी मजा पुढच्या पानावर होती. त्याच वेळी त्या शहरात दुसरी एक इमारत चढत होती, आणि दोघांत जगातली सगळ्यात उंच कोण याची शर्यत लागली होती. दुसऱ्याने मजले वाढवले, माथा चढवला, आता आपणच जिंकलो म्हणून तो निश्चिंत झाला. इकडे मोटारवाल्याच्या स्थपतीने एक लांबच लांब पोलादी सुळका तुकड्यातुकड्यांनी इमारतीच्या पोटात नेऊन गुपचूप जोडला होता. एके दिवशी तो मुकुटातून वर काढला, तास-दीड तासात, आणि शर्यत संपली. हे ऐकून नाना झोपाळ्यावरून खाली उतरले. "पोटातून!" म्हणाले, "नलू, पोटातून काढला!" त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. पुढे वाचताना मी जरा अडखळले, कारण पुढे लिहिलं होतं की हे दोन स्थपती पूर्वी भागीदार होते, एकाच कचेरीत बसून काम करायचे, आणि मग त्यांचं फाटलं होतं. मी ते वाचलं. नाना चष्मा पुसत म्हणाले, "बरं, पुढे." पुढे एवढंच होतं की वर्ष व्हायच्या आत तिसऱ्याच कुणीतरी त्याहून उंच बांधलं, आणि शर्यत जिंकणाऱ्याला पुन्हा तसं काम मिळालं नाही. हे मात्र त्यांनी ऐकल्यासारखं केलं नाही.

महिनाभर आमची पडवी म्हणजे कारखाना होती. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्याच्यावर विरीचे पत्रे, मुकुटाच्या कमानींना चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद. मुकुटाच्या पोटात तीन फुटी सुळका दडवला होता, तोही विरीचाच, चारी अंगांनी निमुळता. त्याला गळाची बारीक दोरी बांधून ती आढ्याला लावलेल्या छोट्या कप्पीवरून खिडकीत आणली होती. बेत असा, की चतुर्थीला पूजा व्हावी, नैवेद्य व्हावा, दुपारी लोक दर्शनाला जमावेत, आणि शेजारच्या मखराहून आमचं चार बोटं बुटकं आहे असं सगळ्यांनी मनात म्हटल्यावर नानांनी दोरी ओढावी. विऱ्या यंदा नानांनी स्वतः भिजवल्या होत्या. भिजवल्या, पुसल्या आणि वापरल्या. सुळक्याला चंदेरी कागद लावायचं काम माझ्याकडे होतं. टोकाची मागची बाजू, जी खालून कुणालाच कधी दिसणार नव्हती, ती तेवढी मी मोकळी ठेवली. नाना शाळेत गेलेले होते. त्यांचाच बारीक कुंचला घेतला आणि त्यांच्या वळणाने, जसं त्यांनी मला गिरवून शिकवलं होतं तसं, लिहिलं: मखर, वासू आणि नाना. त्यांना यावर बोलायचं धाडस माझ्यात नव्हतं. निदान एका जागी तरी खरं लिहिलेलं असावं, एवढंच वाटलं होतं.

चतुर्थीला लख्ख उघडीप होती. सकाळी पूजा झाली, उकडीचे मोदक झाले, आणि चारच्या सुमाराला ओटी माणसांनी भरली. गणपती मनोऱ्याच्या पायथ्याच्या कमानीत बसलेला, त्याच्या मागे टप्प्याटप्प्याने वर गेलेल्या विरीच्या भिंती, कोपऱ्यांवर गरुडांच्या जागी नानांनी उंदीर बसवलेले. लोक खूश होते. नानांनी घसा साफ केला आणि दोरी ओढली. मुकुटातून वीतभर चंदेरी टोक वर आलं, "अरे बघा बघा" झालं, आणि ते टोक तिरकं होऊन थांबलं. नानांनी जोर लावला. दोरी तुटली. मागून एक बाई हळूच म्हणाली, "मुंडावळ सुटल्यासारखं दिसतंय." हशा पिकला. नाना हसले नाहीत. त्यांच्या हातात दोरीचं टोक होतं आणि कान लाल झाले होते. मूर्ती एकदा बसली की विसर्जनापर्यंत हलवायची नाही, आणि ती तिथे असताना मागे हात घालायला जागाच नव्हती. शिडी लावावी तर मखरावरच टेकणार. नाना आईला म्हणाले, "राहू दे आता. पाच दिवस असंच राहील." ते इतक्या हळू बोलले की मला तिथे थांबवेना.

मी मागच्या दाराने निघाले आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले. वाटेत मी भलंमोठं भाषण जुळवलं होतं, न्यूयॉर्कचे दोन भागीदार आणि काय काय. वासूकाका ओटीवर अडकित्ता घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मी भाषण विसरले आणि म्हणाले, "काका, विरी अडकली."

अडकित्ता थांबला. "कुठची विरी?"

"मखराच्या पोटातून वर काढायची होती. सुळका. मधेच बसला."

"धुरावर धरलेली?"

"नाही."

"दगडाखाली तरी?"

"नाही काका. पुसून लावली."

"मग फुगणार न्हाय तर काय व्हनार!" ते इतक्या जोरात म्हणाले की माईकाकू आतून बाहेर आल्या. "ओली विरी लावली? भादव्याच्या हवेत? मास्तर हाय का कोण हाय तो!" आणि ते उठले. आकडी घेतली, म्हणजे शेंड्यावरचे घड ओढायची लांब काठी, माईकाकूंकडून खोबरेलाची वाटी आणि पळी मागून घेतली, आणि माझ्यापुढे कुंपणातून आमच्या वाडीत शिरले. तीन वर्षांत ते त्या फटीतून आले नव्हते, पण वाट त्यांना दाखवावी लागली नाही. मी मागून पळत होते, आणि अर्ध्या वाटेत मला आठवलं की सुळक्याच्या मागे मी काय लिहून ठेवलंय. आता ते सुळक्याजवळ पोचणार, आणि जवळ गेलं की ते दिसणार.

ओटीवरचे लोक बाजूला झाले. काकांनी नानांकडे पाहिलं नाही, नुसतं मखराकडे पाहिलं, मग आढ्याकडे. "वरनं जायला लागंल," कुणाला तरी उद्देशून म्हणाले. आत्याने कपाळाला हात लावला. "अरे, देव बसलाय खाली, आणि तू त्याच्या डोक्यावर चढणार?"

"आक्का, वैशाखात कौलं शाकारायला माणूस चढला तवा देव्हारा काय रस्त्यावर ठेवलेला?" काकांनी विहिरीवर पाय धुतले, पोफळीवर चढतात तसे भिंतीच्या कडेने भराभर वर गेले, आणि थोड्याच वेळात आमच्या आढ्याजवळची चार कौलं सरकली. ओटीत उन्हाचा एक झोत उतरला, थेट मुकुटावर. चहाच्या खोक्यातल्या त्या चंदेरी कागदाने असा काही पेट घेतला की हसणारे सगळे डोळ्यांवर हात धरून वर बघायला लागले. त्या भोकातून काकांचा हात आला, त्यांनी पळीने थेंबथेंब खोबरेल सुळक्याच्या चारी कडांवरून सोडलं, आणि आकडीने त्याचं टोक हलकेच पकडलं. सुळका हलला. सरळ झाला. एकेक बोट वर येऊ लागला आणि मग शेवटचा फूटभर सर्रकन आला. काकांनी हात घालून त्याच्या बुडाशी कामटीची खीळ मारली.

लोकांनी टाळ्या पिटल्या. काका मात्र वरच बसून राहिले. भोकात त्यांचं तोंड दिसत होतं, आणि ते हलत नव्हतं. बराच वेळ झाल्यावर नानांनी वर बघून हाक मारली, "वासू, काय झालं रे?"

तीन वर्षांतला तो पहिला शब्द. काका म्हणाले, "काय न्हाय. थांब जरा, कौलं बसवतो." ते खाली आले, हात धुतले, आणि आरती सुरू व्हायच्या आत खुंटीवरच्या झांजा त्यांनी काढून घेतल्या. आत्याने मुकाट्याने कापूस शोधला. पाचव्या दिवशी दोन्ही गणपती एकाच हातगाडीवरून समुद्रावर गेले. कोणाचं मखर उंच होतं, हे त्या वर्षी कुणी मोजल्याचं मला आठवत नाही.

पुढे मी आरेखनाचा अभ्यास केला आणि नोकरीची सगळी वर्षं न्हावा शेव्याच्या बंदरासाठी चौकोनी गोदामं आखण्यात घालवली. त्यांत रेघा पुष्कळ होत्या, किरण एकही नव्हता, पण पेन्सिलीवर पोट भरलं आणि मी सुखात राहिले. लेकीकडे अमेरिकेला गेले तेव्हा तिने मला तो खरा मनोरा दाखवायला नेलं. मी रस्त्यावर उभी राहून मान मोडेपर्यंत वर बघितलं. गरुड होते, कमानी होत्या, सुळका उन्हात चमकत होता. लेक म्हणाली, "कसा आहे?" मी म्हणाले, "यांनी नीट वाळवून लावलेला दिसतो." तिने माझ्याकडे काळजीने पाहिलं.

नाना गेल्यावर काही वर्षांनी, मी निवृत्त होऊन नागावला परतले तेव्हा, वासूकाका नव्वदीला टेकले होते. एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि चुलीवरच्या फळीवरून काहीतरी काढायला सांगितलं. धुराने काळंभोर झालेलं, खणखणीत वाळलेलं विरीचं टोक. मागची अक्षरं अजून वाचता येत होती. मी काही बोलणार तर तेच म्हणाले, "तुझंच अक्षर."

मी अक्षरांवरची काजळी बोटाने पुसली.

"तुझा बाप रेघ आखल्याबिगर लिवायचा न्हाय कंदी. हे बघ कसं वर चढत गेलंय. कौलावरच कळलं मला."

"मग नानांचं नाही हे कळूनही तुम्ही खाली कसे आलात? झांजा कशा घेतल्यात?"

"खाली उतरायला कायतरी लागतंच ना मानसाला," काका म्हणाले. त्यांनी ते टोक माझ्या हातून घेऊन उन्हात तिरकं धरलं. "मखर सोडवलं तवा तुझ्या बापालाबी दाखवलं. तो म्हनाला, पोरीनं लिवलंय. मी म्हनलं, म्हायतेय मला. तिला नको सांगायला."

"आणि मग?"

"मग काय," वासूकाका म्हणाले, "त्यानं रेघ आखली आणि तुझ्या अक्षरांखाली सही केली. मी कोयतीनं खूण केली. बघ की, खालती हाय."

मी चष्मा लावून पाहिलं. दोन्ही होत्या.